सालकाकाजी

आमच्या इमारतीत संत्र्याची साल कोणी उघड टाकत नाही. टाकायचीच झाली तर वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर कालचा भात पसरून, वरून चहाचा चोथा घालून. कारण सकाळी कचरागाडीचं गाणं वाजू लागलं की सालकाकाजी बनियनवर टॉवेल टाकून गेटाशी हजर असतात. ते कोणाला अडवत नाहीत. फक्त ज्याच्या-त्याच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात डोकावतात, आणि केशरी काही दिसलं की पंगतीतलं भरलेलं पान टाकून कोणी उठावं तशा दुखावलेल्या आवाजात म्हणतात,

"अजी, हे काय! औषध फेकून राहिले तुम्ही."

आपण सॉरी म्हणतो. सॉरी म्हटलं की व्याख्यान सुरू होतं. नाही म्हटलं तरी होतं.

त्यांचं खरं नाव टपालपेटीवर आहे, पण ते आता फक्त पोस्टमन वाचतो. 'सालकाकाजी' हे पोट्ट्यांनी ठेवलेलं नाव. त्यांना ते ठाऊक आहे आणि त्यात काही वावगं आहे असंही त्यांना वाटत नाही. तसा असा माणूस प्रत्येक वस्तीत एक असतोच. कुठे तो ताकाचा असतो, कुठे मेथीदाण्याचा, कुठे तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचा. आमच्या वाट्याला फ्लॅव्होनॉइडवाला आला. त्यांची अडचण एकच की त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पूर्ण खोटं असतं तर आम्ही केव्हाच सुटलो असतो.

आयुष्य काकाजींनी सरकारी हिशेब तपासण्यात घालवलं. निवृत्तीनंतर दोन महिन्यांत उजवा गुडघा सुजला. डॉक्टरांनी दुखण्यावरची गोळी दिली, गुडघा उतरला आणि पोटात आग पडली. दुसरा कोणी असता तर त्यानं आणखी एक गोळी मागून घेतली असती. काकाजींनी हरकत काढली. एकाची थकबाकी फेडायला दुसऱ्याच्या खात्यातून पैसे का काढले, याचा खुलासा त्यांना हवा होता. खुलासा त्यांनी स्वतःच शोधला आणि तो चुकीचाही नव्हता. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, सूज आणि वेदना वाढवण्यात त्यांचा हात असतो, आणि पोटाच्या अस्तराची राखणही तीच करतात. ॲस्पिरिनसारखी औषधं ही द्रव्यं तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखवलं आणि 1982 च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. काकाजी हेच असं सांगतात:

"समजा, एका ऑफिसात एक बाबू लाच खाते. गोळी काय करते? अख्ख्या ऑफिसाले टाळं ठोकते. आता लाच बंद, पण पेन्शनची कामं पण बंद. फ्लॅव्होनॉइड कसं? ऑफिस चालू ठेवते. फक्त त्या बाबूची फाइल हळूहळू सरकवते."

अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत फायलींवर बसलेल्या माणसाला निसर्गही फाइल सरकवूनच काम करतो हे कळल्यावर किती समाधान झालं असेल, याची कल्पना बाहेरच्याला येणार नाही.

तर फ्लॅव्होनॉइड. झाडांनी स्वतःच्या सोयीसाठी बनवलेली ही रसायनं. सहा हजारांहून जास्त प्रकार आजवर सापडलेत. नाव आलं 'फ्लावुस' या लॅटिन शब्दावरून, म्हणजे पिवळा. कोणी अंगावरचं कडक ऊन अडवतं, कोणी कीड दूर ठेवतं, कोणी पाकळीला रंग देऊन मधमाशीला बोलावतं. ऊन आणि कीड दोन्ही आधी सालीला भेटतात, म्हणून माल पुष्कळदा सालीतच साठलेला. इथवर काकाजींचं कोणाशी भांडण नाही. भांडण होतं ते त्यांच्या पुढच्या वाक्यापासून: जे झाडाला नागपूरचं ऊन सोसू देतं ते माझ्या गुडघ्याची सूज का नाही उतरवणार?

मे महिन्यात पारा 45 वर गेला की आमच्याकडे खिशात कांदा ठेवून बाहेर पडणारी माणसं अजून आहेत. काकाजींचे वडील त्यातलेच. "बाबा चुकले," काकाजी म्हणतात, "पण वस्तू बरोबर पकडली होती. जागा चुकली. खिशात काहून ठेवता? पोटात ठेवा." कांद्यात क्वेर्सेटिन नावाचं फ्लॅव्होनॉइड असतं आणि सुजेवर ज्यांचे सगळ्यात जास्त प्रयोग झाले त्यांत ते बसतं. काकाजींनी हिशेब मांडला. प्रयोगांत माणसांना गोळीतून दिवसाला 500 मिलिग्रॅम, कधी त्याच्या दुप्पटही देतात. शंभर ग्रॅम लाल कांद्यात ते ढोबळमानाने 20 ते 40 मिलिग्रॅम. म्हणजे रोज दीड-दोन किलो कांदा. त्यांनी खालून वर, वरून खाली बेरीज केली. उत्तर तेच आलं.

"चिरणार कोण?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं. ही योजना तिथेच नामंजूर झाली.

पण वाचता वाचता त्यांना कळलं की कांद्याच्या बाहेरच्या पापुद्र्यांत हा ऐवज जास्त, आत गाभ्याकडे कमी. झालं. बाहेरचे दोन पापुद्रे काकाजींचे, गाभा काकूंच्या झुणक्याचा, आणि वरचं सुकं तांबूस टरफल काढ्याचं. महिनाभर त्या घरातून कांद्याच्या टरफलांचा वाफारा येत होता. एकदा काढा उतू गेला आणि त्याखाली ठेवलेली तीन बनियनं त्यात भिजली. कांद्याच्या टरफलाचा रंग कापडावर किती पक्का बसतो हे रंगाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. काकाजींना त्या दिवशी कळलं. पुढचे काही आठवडे ते गच्चीवर भगव्या बनियनात फिरत होते आणि खालच्या माळ्यावरच्या आजी त्यांना बघून हात जोडत होत्या.

काकूंचं या सगळ्याबद्दलचं मत एकदाच ऐकलं. मला मानेवर गळू आलं होतं. काकाजी क्वेर्सेटिनवर बोलत होते, तोवर काकूंनी एक कांदा गॅसवर खरपूस भाजला, ठेचला, हळद घातली, फडक्यात गुंडाळून माझ्या मानेवर गरम गरम पोटीस बांधलं आणि म्हणाल्या, "माझ्या आईले नाव नव्हतं माहीत. तरी फुटत होतं."

गच्ची ही मात्र गंभीर बाब. उन्हाळ्यात तिथे कुरडया, पापड, सांडगे, लोणच्याची मिरची असं सगळ्या बायांचं वाळवण असतं आणि त्याचे हक्क पिढीजात आहेत. मृगबहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चात येतात. काकाजी तेव्हापासूनच साली साठवतात, आणि एप्रिलमध्ये ते चार जुन्या धोतरांवर त्या पसरतात. ओळीने, वजन करून. पहिल्या वर्षी बायकांनी विरोध केला. दुसऱ्या वर्षी काकाजींनी गच्चीचं क्षेत्रफळ मोजून फ्लॅटनिहाय वाटणीचा तक्ता जिन्यात लावला. त्यात निघालं की त्यांच्या वाट्याला ते वापरत होते त्याहून जास्त जागा येते. तेव्हापासून तो विषय कोणी काढत नाही.

वाळलेल्या सालीची पूड होते. ती चहात जाते, भाजीत जाते, पाहुण्यांच्या पोह्यावर भुरभुरली जाते. संत्र्याच्या सालीच्या आतला पांढरा, कापसासारखा पडदा कडसर असतो आणि हेस्पेरिडिन नावाचं फ्लॅव्होनॉइड तिथेच. फोडीवरचे पांढरे धागे काढून खाणाऱ्या माणसाकडे काकाजी ज्या नजरेनं बघतात त्या नजरेनं त्यांनी नोकरीत अफरातफर करणाऱ्यांकडेही पाहिलं नसेल. त्यांच्याकडचा चहा प्यायल्यावर जीभ तासभर टाळ्याला चिकटून राहते. "कडू लागते ना?" ते आनंदाने विचारतात. "म्हणजे आहे त्यात."

या सगळ्याची एक वही आहे. लांबट, कापडी पाठीची, खतावणीसारखी आखलेली. प्रत्येक फ्लॅव्होनॉइडला एक पान. डावीकडे जमा: कुठून आलं, किती ग्रॅम, कोणत्या दिवशी पोटात गेलं. उजवीकडे परिणाम: गुडघ्याचा घेर सेंटिमीटरमध्ये, शिंप्याच्या टेपने मोजलेला. रुटिनच्या पानावर बारीक अक्षरात टीप आहे की हे नाव ज्या वनस्पतीवरून पडलं ती आपलीच सताप, जी काकूंच्या कुंडीत नातवाच्या सर्दीसाठी लावलेली आहे. अँथोसायनिनच्या पानावर जांभळाचा डाग आहे. पुरावा म्हणून मुद्दाम पाडलेला. मी बँकेत असल्यामुळे दर मार्चअखेर ही वही माझ्याकडे येते. घरच्याच माणसानं तपासलेला हिशेब ते ग्राह्य धरत नाहीत. बाहेरचा ऑडिटर लागतो.

त्या वहीवर एकदाच संकट आलं. तिसऱ्या माळ्यावरची पोरगी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. जिन्यात काकाजींनी तिला वही दाखवली, ती पायरीवर बसून अख्खी वाचली, आणि म्हणाली, "काकाजी, हळद यात नाही येत."

वर्ध्याकडच्या वायगाव हळदीला त्या वहीत सगळ्यात सुंदर पान होतं. भौगोलिक मानांकनाची नोंदही होती.

"कर्क्युमिन फ्लॅव्होनॉइड नाही," ती म्हणाली. "दोघंही पॉलिफेनॉल. पण सख्खे नाहीत, चुलत."

काकाजी भिंतीला टेकले. "पोरी, जखम भरायला हळद वापरायचं पेटंट अमेरिकेनं 1995 मध्ये देऊन टाकलं होतं. आपल्या माशेलकर साहेबांनी भांडून 1997 मध्ये रद्द करवलं. अमेरिकेनं हळद सोडली, अन् तू माझ्या वहीतून काढून राहिली?"

"बीट पण नाही येत," ती म्हणाली. बिचारीला दया हा विषय अभ्यासक्रमात नसावा. "त्याचा लाल रंग बीटालेनचा. जे झाड बीटालेन बनवते ते अँथोसायनिन बनवतच नाही."

त्या दिवशी संध्याकाळी काकाजींनी दोन्ही पानांवर लाल शाईनं तिरपी रेघ मारली, खाली सही केली, तारीख घातली. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. चूक दाखवली की ते मान्य करतात. आणि दुसरं: कोणाची चालू गोळी बंद करायला त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. मंजूर खर्चाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नोकरीपासूनचा नेम.

पण मूळ मुद्द्यावर त्यांनी माघार घेतली नाही. पोरगी समजावत होती की परीक्षानळीत पेशींवर फ्लॅव्होनॉइड टाकलं तर सुजेचे निरोप दबतात, यात वाद नाही. खाल्ल्यावर मात्र त्यातलं थोडंच रक्तात पोचतं. आतड्यातले जिवाणू त्याचे तुकडे करतात, आतडं आणि यकृत त्याला शेपट्या लावतात आणि लघवीवाटे रवाना करतात. परीक्षानळीत जे टाकलं ते त्या रूपात गुडघ्यापर्यंत जातच नाही.

"म्हणजे शरीरात येते, शिक्के मारून घेते आणि निघून जाते?"

"साधारण तसंच."

"मग जाता जाता कुठंतरी सही करूनच जात असेल," काकाजी म्हणाले. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे कोण नाकारणार?

हुकमाचा एक्का त्यांनी शेवटी काढला. आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी, हंगेरीचे, 'क' जीवनसत्त्वाच्या संशोधनातलं मोठं नाव, 1937 चं नोबेल. काकाजी त्यांना प्रेमाने सेंट जॉर्ज म्हणतात, सिव्हिल लाइन्समध्ये राहत असल्यासारखं. या गृहस्थांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1936 च्या सुमारास वाटलं की लिंबू आणि लाल मिरचीतून काढलेली फ्लॅव्होनॉइडं बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू देत नाहीत. त्यांनी त्याला 'पी' जीवनसत्त्व म्हटलं. पी म्हणजे पर्मिएबिलिटी, झिरपणं. पण याच्याविना माणूस आजारी पडतो असं काही सिद्ध होईना, आणि 1950 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या समितीनं हे नाव बंद करण्याची शिफारस केली.

"चौदा वर्षं," काकाजी म्हणाले. त्यांचा गळा खरोखर दाटला होता. "चौदा वर्षं हजेरीपटावर ठेवलं. अन् मग म्हणते, तुम्ही कायम नव्हतेच. रोजंदारीवर होते."

पोरगी यावर काही बोलली नाही. तिचे वडीलही कंत्राटी आहेत.

आता माझं. यंदा जानेवारीत लग्नाच्या निमित्तानं तीन दिवसांत चार वेळा सावजी झालं. पहिल्यांदा यजमानांच्या आग्रहाने, पुढच्या तीन वेळा माझ्या. त्या रश्शाची तर्री वर तरंगते तेव्हा फार देखणी दिसते. चौथ्या दिवशी सकाळी मला बसता येईना. पाचव्या दिवशी मी शहराच्या दुसऱ्या टोकाचा, ओळखीचा नसलेला डॉक्टर शोधला. त्यांनी तिखट बंद केलं, पाणी आणि पालेभाजी वाढवली, टबात कोमट पाण्यात बसायला सांगितलं, आणि चिठ्ठीवर एक गोळी लिहून दिली.

गोळी घ्यायला मात्र मी घराजवळच्याच मेडिकलमध्ये गेलो. दुपारी तीनला, रस्त्यावर कुत्रंही नसताना. पोऱ्यानं पाकीट काढून दिलं. सवयीनं मी उलट बाजूची बारीक अक्षरं वाचली. डायोस्मिन 450 मिलिग्रॅम. हेस्पेरिडिन 50 मिलिग्रॅम.

हेस्पेरिडिन!

मी दुखणं विसरलो. एवढी वर्षं जे नाव मी चहाबरोबर कडू तोंडानं गिळलं ते पत्र्याच्या पाकिटावर छापलेलं होतं. मागाहून वाचलं ते असं: लेब्रेतों नावाच्या फ्रेंच रसायनज्ञानं 1828 साली ते संत्र्याच्या सालीच्या आतल्या त्याच पांढऱ्या पडद्यातून वेगळं काढलं. डायोस्मिनही फ्लॅव्होनॉइडच, आणि कारखान्यात ते बहुधा हेस्पेरिडिनपासूनच बनवतात. मग दोन्ही मैद्याहूनही कितीतरी बारीक दळतात, कारण त्याशिवाय आतडं त्यांना नीट आत घेत नाही. युरोपात सुजलेल्या शिरांवर आणि मूळव्याधीवर ही गोळी दशकानुदशकं दिली जाते. सेंट जॉर्जच्या झिरपणाऱ्या भिंती थोड्या खालच्या बाजूला सापडल्या म्हणायचं. काकाजींच्या शास्त्राला डॉक्टरच्या चिठ्ठीवर रीतसर जागा मिळाली होती, आणि ती जागा ही होती.

हे त्यांना कधी सांगतो असं झालं. इतक्यात मागे चपलांचा आवाज आला. पोऱ्या माझ्या खांद्यावरून बघून हसला.

"या काकाजी. तुमची पण काढूनच ठेवली. दोघायची एकच गोळी आहे."

काकाजींनी मला पाहिलं. मी काकाजींना पाहिलं. मग आम्ही दोघांनीही समोरच्या टूथपेस्टच्या जाहिरातीचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी सुटे पैसे मोजून दिले, पाकीट टॉवेलात गुंडाळलं आणि आम्ही बरोबर निघालो. दोघांचीही चाल सारखीच होती, पाय जरा लांब टाकून. एरवी त्या वाटेवर तीन झाडं लागतात आणि प्रत्येक झाडाखाली एक फ्लॅव्होनॉइड असतं. त्या दिवशी ते थंडीबद्दल बोलले. यंदा थंडी बरी पडून राहिली, म्हणाले. मी म्हटलं, हो, बरी आहे.

लिफ्टमध्ये माळा येईस्तोवर गप्प होते. दार उघडलं तसं माझ्याकडे न बघता पुटपुटले, "जेवणासोबत घ्या. रिकाम्या पोटी नको."

मार्चअखेर वही नेहमीप्रमाणे माझ्याकडे आली. हेस्पेरिडिनचं पान मी सगळ्यात आधी उघडलं. संत्र्याची साल, मोसंबीची साल, लिंबाचं सरबत सालीसकट, नातवानं टाकलेले फोडींवरचे धागे, एका भाच्यानं मुंबईहून आणलेलं पपनस. तारखा, वजनं, बेरजा, सगळं जिथल्या तिथे. जानेवारी कोरा होता. फेब्रुवारीत पुन्हा साल.

मी खाली 'तपासले, बरोबर आहे' असं लिहिलं आणि सही केली.